आमच्या घरातली एक पोर

त्या वर्षी पावसाने पार वाट लावली. जायची वेळ होऊन गेली तरी पठ्ठ्या जायचं नाव घेईना. आज गेला म्हणून कच्च्या विटा पटांगणात मांडाव्यात, की दुपारी आभाळ भरून आलंच. मांडलेल्या विटांचा पुन्हा पुन्हा चिखल झाला. थोरली कमरेवर हात ठेवून त्या रेंद्याकडे बघायची आणि पावसाला अशा काही शिव्या हासडायची, की तिचा नवरा म्हणायचा, "अगं हळू. वर ऐकू गेलं तर मुद्दाम अजून एक सर पाठवेल."

"पाठवू दे. एकदाच काय ते बुडव म्हणावं."

वीटभट्टी दोघा भावांची. थोरला साचा घेऊन विटा थापायचा, धाकटा भट्टी रचायचा आणि जाळ सांभाळायचा. दोघांच्या बायका, म्हणजे थोरली आणि धाकटी, चिखल कालवण्यापासून भाजलेल्या विटा गाडीत भरण्यापर्यंत बाकीचं सगळं करायच्या. आणि बाकीचं सगळं म्हणजे किती, हे पुरुषांना विचारू नये. दोन घरं एका भिंतीने जोडलेली. चुली वेगळ्या, पण एकीकडचा विस्तव विझला तर दुसरीकडून यायचा. दोघींना एकेक लेक. थोरलीची मुंगी, धाकटीची बगळी.

मुंगी हे नाव पोर चालायला लागली तेव्हाच पडलं. एवढीशी असताना अख्खी वीट पोटाशी धरून आईच्या मागे निघायची. आता पंधरा वर्षांची झाली होती. विटा वाहून खांदे रुंद झाले होते, धुराने आवाज घोगरा झाला होता. केसांत चिखल अडकतो म्हणून तिने स्वतःच कात्री घेऊन केस कानाच्या वर कापून टाकले होते. अंगाने ती आता मुंगी राहिली नव्हती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बगळीचं जरा वेगळं. ती जन्मली तेव्हा सुईणीने मुलगा झाला म्हणून सांगितलं होतं, आणि लांब पायांमुळे घर तिला बगळ्या म्हणायचं. शाळेत जायला लागल्यावर एक दिवस ते पोर उंबऱ्यात बसलं आणि म्हणालं, मी मुलगी आहे, मला मुंगीसारखे कपडे द्या. आधी सगळे हसले. मग रागावून झालं. पोर आपलं म्हणणं सोडेना. धाकटी रडायची, धाकट्याने एकदा हात उचलला. त्या दिवशी मध्ये पडली ती थोरलीच. दिराचा हात धरून म्हणाली, "पुरे झालं. मारून काय बदलणार आहे?" पेटीतून मुंगीचा जुना फ्रॉक काढला तो तिनेच, आणि "ये गं बगळे" असं पहिल्यांदा म्हणाली तीही तीच. पुढे शहरातल्या डॉक्टरांकडे खेटे झाले, औषध सुरू झालं, शाळेच्या दाखल्यात बदल झाला. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं आणि आपापल्या कामाला लागले. बगळी तेव्हापासून तिला 'थोरली आई' म्हणायला लागली.

दोघीही पळायच्या. शाळेतल्या सरांनी त्यांना एकदा नदीच्या चढावर डोक्यावर विटा घेऊन शर्यत लावताना पाहिलं आणि मैदानावरच ओढून नेलं. शहरात खेळाडू मुलींची एक निवासी शाळा होती. राहणं, जेवण, शिकणं, सराव, सगळं तिथेच. आपल्या भागातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत जी मुलगी पहिली येईल तिला तिथे जागा मिळायची. एकीलाच.

ती जागा थोरलीच्या डोक्यात जाऊन बसली. तिची स्वतःची कंबर चाळिशीतच गेली होती. सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागायची. चिखलात हात घालून घालून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, सुई धरली तर धरल्यासारखी वाटायची नाही. मुंगीचे हातही त्याच वाटेने चालले होते, हे तिला रोज दिसायचं. पोरीला या चिखलातून बाहेर काढायची, एवढंच तिला हवं होतं. जगातल्या दुसऱ्या कशाचं तिला सोयरसुतक नव्हतं.

आधी मुंगीच पुढे असायची. पण गेल्या वर्षभरात बगळी ताडमाड वाढली. तिचं एक पाऊल तिथे मुंगीची दीड पावलं. मुंगी जीव खाऊन पळायची, बगळी मात्र शेवटपर्यंत दमल्यासारखी दिसायची नाही.

पाऊस एकदाचा थांबला तसं भट्टीवर अंग मोडून काम सुरू झालं. बुडालेलं सगळं भरून काढायचं होतं. पोरींनाही शाळेआधी आणि शाळेनंतर चिखलात उतरावं लागलं. एका सकाळी दोघी खड्ड्यात गुडघाभर चिखल तुडवत होत्या आणि थोरली वरच्या अंगाला साच्यांना राख लावत बसली होती. पोरींना वाटलं ती ऐकत नाही.

"एक सांगू?" मुंगी म्हणाली. "राग येईल तुला."

"सांग की."

"तू माझ्या शर्यतीत पळतेस ते मला बरोबर वाटत नाही."

चिखलाचा पचपच आवाज थांबला नाही. बगळी म्हणाली, "मग कुठे पळू? मुलांत? तिथे मी कोण म्हणून उभी राहू?"

"ते मला माहीत नाही. तू मुलगी नाहीस असं मी म्हणत नाहीये. पण मी कितीही मेले तरी तुझ्या पुढे जाणार नाही, असं आता वाटायला लागलंय. ते बरोबर वाटत नाही मला."

"डॉक्टर म्हणतात औषधाने ताकद कमी होते."

"झाली का?"

"मला काय कळणार? मी थोडीच दुसऱ्या कुणाच्या पायांनी पळून बघितलंय?"

यावर मुंगीला हसू आलं. म्हणाली, "तुझे पाय मला दे म्हणजे मी सांगते."

"सरांना सांगणार आहेस का?"

"तुला सांगितलं की. झालं."

बगळीने तुडवत तुडवत खड्ड्याला एक फेरी मारली. मग म्हणाली, "मलाही जायचंय गं तिकडे. इथे सगळ्यांना माहितीये मी आधी कोण होते." मुंगीने पायाने चिखलातला एक दगड शोधला, वाकून काढला आणि लांब भिरकावला. दोघी पुन्हा तुडवायला लागल्या.

थोरलीने राखेची टोपली बाजूला ठेवली. तिला लेकीचा राग आला. असं तोंडावर सांगून कुणाला जागा मिळते का? बावळट कुठली!

निवडीची पहिली फेरी तालुक्याच्या मैदानावर झाली. बगळी पहिली, मुंगी दुसरी, आणि दोघींच्या मध्ये भलंमोठं अंतर. दोघीही अंतिम फेरीला पोचल्या, पण मुंगी रेषा ओलांडून कडेला गेली आणि भडभडून ओकली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेली, तर तिने तो बाजूला केला. "काही झालं नाहीये आई. कमी पडले, बस."

थोरली पाणी आणायला नळावर गेली. तिथे एक पंचबाई बाटली भरत होती. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, बोलायला गोड. "दमलात ना उन्हात?" एवढंच ती बाई म्हणाली. तेवढ्या मायेच्या बोलण्याने थोरलीच्या तोंडाचा बांध फुटला.

"बाई, एक विचारू? जन्माला मुलगा म्हणून आलेली पोर मुलींत पळाली तर चालतं का हो?"

बाईने नळ बंद केला. "कोण आहे अशी?"

"आहे. आमच्या घरातली एक पोर."

"तुमच्या घरातली? भट्टीवरच्या दोघी पळतात ना, त्यांतली?"

"त्यांतलीच एक."

"कोणती?"

आता इथे थोरलीची जीभ अडली. बगळीचं नाव ओठांवर येईना. जिला फ्रॉक घातला, जिच्या केसांतल्या उवा काढल्या, तापात मांडीवर घेऊन बसली, तिचं नाव असं नळावर उभं राहून परक्या बाईच्या हातात कसं द्यायचं? तेवढ्यात मागून हाक आली. "थोरली आई, पाणी आण ना! मुंगीला गरगरतंय." बगळीच होती. थोरली न भरलेली बाटली तशीच घेऊन निघाली. बाई मागून म्हणाली, "बघते मी."

नाव घेतलं नाही म्हणजे आपण काही केलंच नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. पुढचे दिवस ती कामात स्वतःला घालून घेत राहिली. त्यातलं काही होऊ नये असंही तिला वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, व्हावं असंही वाटायचं.

अंतिम शर्यत नेमकी अशा दिवशी आली की भट्टी पेटलेली. एकदा भट्टी पेटली की तिचं तोंड सोडून जाता येत नाही. जाळ कमी पडला तर विटा कच्च्या, जास्त झाला तर वितळून एकमेकींना चिकटतात. दीर आणि धाकटी आळीपाळीने तोंडाशी बसलेले, थोरलीचा नवरा लाकडं फोडतोय. पोरींबरोबर एकच बाई जाऊ शकत होती.

"तुम्हीच जा जाऊबाई," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा जाळाने लाल झाला होता, भुवया करपल्या होत्या. बगळीची वेणी घालता घालता ती बोलत होती. "मी तिथे येऊन काय करणार? नुसती घाबरेन. तुम्ही असलात की मला घोर नाही. हिला कुणी काही बोललं तर तुमचं तोंड आहेच."

"आहे बाई," थोरली म्हणाली.

"आई, घट्ट घालू नकोस गं," बगळी कुरकुरली.

"गप. पळताना सुटली म्हणजे माझ्या नावाने ओरडशील." धाकटीने वेणीला गाठ मारली आणि पोरीच्या गालाला काजळीचं बोट लागलं ते पदराने पुसलं. मग मुंगीच्या आखूड केसांवरून हात फिरवून म्हणाली, "तुझं बरंय. तुझ्या डोक्याला काही करावंच लागत नाही. पळा दोघी. जी येईल ती येईल, जागा घरातच येईल."

किती सहज म्हणाली ती. थोरलीला त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

मैदान मोठं होतं. कडेला पत्र्याच्या खोल्या, खेळाचं सामान ठेवायच्या. सर लांब उडीच्या मुलांबरोबर दुसऱ्या टोकाला अडकले होते. बगळी अंग गरम करायला म्हणून मैदानाच्या पलीकडच्या बाजूने हळूहळू पळत होती. मुंगी आईजवळ बसून बुटाची नाडी बांधत होती. बूट शाळेचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस घातलेले.

नळावरची ती शिट्टीवाली बाई आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक बाई होती. पांढरा कोट हातावर टाकलेला, कपाळाला आठ्या. डॉक्टर असावी हे बघूनच कळत होतं.

"ए मुली, जरा आत ये," शिट्टीवाली म्हणाली. "तपासायचंय."

मुंगीने वर पाहिलं. "मला? कशाला?"

बाईने थोरलीकडे वळून आवाज खाली आणला. आपण फार समजूतदारपणे वागतोय असा तिचा चेहरा होता. "मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात ती हीच ना? घाबरू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही. कोणती ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण बघून कळतंच की."

मुंगीच्या हातातली नाडी तशीच राहिली. ती आईकडे बघायला लागली.

ही नव्हे, ही माझी, ही लख्ख मुलगी आहे, नऊ महिने पोटात वाढवलीय मी, असं ओरडावंसं थोरलीला वाटलं. पण पुढचा प्रश्न समोर उभाच होता. ही नव्हे तर कोण? मैदानाच्या पलीकडे बगळीची वेणी उडताना दिसत होती. नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. एक बोट, आणि लेक वाचली असती, शर्यत तिची, जागा तिची. थोरलीचे ओठ उघडले.

मुंगीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. मग उठून उभी राहिली.

"हो, मीच ती," ती बाईंना म्हणाली. "चला कुठे जायचंय."

पत्र्याचं दार लागलं. थोरली दाराबाहेर उभी राहिली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग काहीच ऐकू येईना. दार वाजवावं म्हणून तिने दोनदा हात उचलला आणि खाली घेतला. ऊन पत्र्यावरून डोळ्यांवर येत होतं. आसपास माणसं जमायला लागली. अशा गोष्टींना पाय फुटतात, त्या कुणी सांगाव्या लागत नाहीत.

"काय झालं हो?" कुणीतरी विचारलं.

"ती आखूड केसांची पोर आहे ना, ती मुलगा आहे म्हणे," दुसरी एक बाई म्हणाली. तिचीही लेक शर्यतीत असावी. "मला तर बघताक्षणीच शंका आली होती. ते खांदे बघितलेत? आणि आवाज? आमच्या पोरींनी यांच्यापुढे कसं पळायचं?" मग तिचं लक्ष दाराशी खिळलेल्या थोरलीकडे गेलं. "तुम्ही कोण तिच्या?"

"आई," थोरली म्हणाली.

ती बाई ओशाळून बाजूला झाली. थोरलीला तिचा राग आला नाही. ती बाई जे बोलत होती, तेच आपण नळावर बोललो होतो, हे तिला कळत होतं. फक्त तिथे ते लेकीच्या न्यायासाठी बोलतोय असं वाटलं होतं.

दार उघडलं. आधी डॉक्टर बाहेर आली आणि शिट्टीवालीवर उखडली. "चांगली मुलगी आहे ती. कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून असं उचलून आत आणायचं का? मी आता आणखी कुणाला तपासणार नाही. पुरे झालं." शिट्टीवालीचा चेहरा पडला. ती थोरलीकडे असं बघून गेली, जसं दाराशी आलेल्या चोराकडे बघतात.

मुंगी शेवटी बाहेर आली. एका बुटाची नाडी अजून सुटलेलीच होती. थोरली पुढे झाली, "बाळा," म्हणाली आणि तिच्या दंडाला हात लावला. मुंगीने दंड झटकला नाही. नुसती उभी राहिली, थोरलीने स्वतःहून हात काढेपर्यंत. मग खाली बसून तिने नाडी बांधली आणि रेषेवर गेली.

शर्यतीबद्दल काय सांगायचं? मुंगी पळाली, एवढंच. खांदे आत ओढून, कोपरं अंगाशी घट्ट दाबून पळाली, जणू स्वतःलाच झाकायला बघत होती. पहिल्या फेरीत ती घोळक्यात होती. दुसऱ्या फेरीत मागे पडली. कठड्याजवळून पोरांनी काहीतरी ओरडून हसून घेतलं, तेव्हा तिचा पाय अडखळला. बगळी सगळ्यांच्या पुढे होती, पण वळून वळून मागे बघत होती, मुंगी कुठेय ते. तशी मागे बघत बघतच ती पहिली आली. सर लांबून धावत आले, टाळ्या वाजवत. मुंगी शेवटून दुसरी आली आणि थेट नळावर जाऊन तोंड धूत राहिली.

परत येताना टेम्पोत रिकाम्या पोत्यांवर तिघी बसल्या. बगळीला आनंद लपवता येत नव्हता आणि दाखवताही येत नव्हता. शेवटी तिने विचारलंच, "काय झालं गं तुला? कुणी काय म्हणालं का?"

"कुणी नाही. पोटात दुखत होतं."

"पोरं काहीतरी ओरडत होती."

"पोरं ओरडतातच."

"खरं सांग. माझा राग आला का?"

"तुझा राग मी तुला चिखलात सांगितलाय," मुंगी म्हणाली. "त्यात वाढ नाही की घट नाही. आता गप बस, मला झोपू दे." तिने डोळे मिटले. टेम्पो खड्ड्यात आदळला तेव्हा तिचं डोकं बगळीच्या खांद्यावर गेलं. तिने ते तिथेच राहू दिलं.

भट्टीवर पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. धाकटी जाळाच्या तोंडाशी बसली होती. बातमी ऐकून तिने हातातलं लाकूड टाकलं आणि आधी बगळीला, मग मुंगीला, तशाच काळ्या हातांनी कवटाळलं. दीर भट्टीच्या टपावरूनच "शाब्बास!" म्हणून ओरडला. थोरलीचा नवरा मुंगीला म्हणाला, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्या जागेसाठी मुंगीचं वय बसणार नव्हतं, हे त्याला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नाही.

मुंगी मागच्या अंगाला पिंपाजवळ पाय धुवत बसली. धुऊन झाले तरी पाणी ओततच होती. थोरली तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसली.

"मुंगे, बोल काहीतरी. शिव्या दे. पण बोल."

"काय बोलू?"

"मी तुझ्यासाठी केलं गं. तुला या चिखलातून..."

"माहितीये मला."

"तू का हो म्हणालीस? आपण नाही म्हणायचं. मी सांगितलं असतं त्यांना."

"काय सांगितलं असतंस?"

थोरलीने तिच्या हातातला तांब्या घ्यायला हात पुढे केला. मुंगीने तो दिला नाही.

"मी हो म्हणाले नसते तर तू तिचं नाव घेतलं असतंस," मुंगी म्हणाली.

"नसतं घेतलं. शपथ घेऊन सांगते."

"तोंड उघडलं होतंस तू, आई. मी बघत होते."

त्या क्षणी ओठांतून काय निघालं असतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. कुणी देवासमोर उभं करून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. तिने मान खाली घातली आणि पिंपाखालच्या चिखलाकडे बघत राहिली.

"काकूने तुझ्या भरवशावर पाठवली होती तिला," मुंगी म्हणाली. "मला तेवढंच आठवत होतं आत." तिने तांब्या पिंपावर ठेवला आणि उठून दोघी पोरी झोपायच्या त्या खोलीत निघून गेली.

थोरली किती वेळ तशीच बसली असेल कोण जाणे. मग कंबर धरून उठली आणि भट्टीच्या तोंडाशी गेली. दीर जेवायला गेला होता. बगळीही बापाबरोबर गेली होती, तिचा हसण्याचा आवाज घरातून येत होता. धाकटी एकटीच लाकडं सारत होती. थोरलीला बघून ती सरकली आणि जागा करून दिली.

"बसा जाऊबाई. दमलात ना? तुमच्यामुळे झालं हो सगळं. मला सारखी धाकधूक, कुणीतरी तिच्या अंगावर जाईल, काहीतरी काढतील. आता पुढच्या आठवड्यात तिला तिकडे सोडायला जायचंय. मी ह्यांना सांगून टाकलंय, जाऊबाई बरोबर हव्यातच. तिकडे तपासणी असते म्हणे. तुम्ही असलात की..."

"आज झाली तपासणी," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात थांबला. "कुणाची?"

"मुंगीची. तक्रार गेली होती, भट्टीवरची एक पोर मुलगी नाही म्हणून. त्यांना ती मुंगी वाटली." ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "ती नाही म्हणाली असती तर बगळीला नेलं असतं. म्हणून तीच उठून गेली. आणि तक्रार मी केली होती. नळावर. ती जागा मुंगीला मिळावी म्हणून."

लाकूड तडतडलं. धाकटी जाळाकडे बघत होती. आता ही उठून आपल्या झिंज्या धरेल, असं थोरलीला वाटलं, आणि धराव्यात असंही वाटलं. धाकटीने विचारलं ते दुसरंच.

"एकटी होती का पोर आत?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"दाराबाहेर."

"आल्यापासून रडलीय का ती?"

"नाही."

धाकटी उठली. तिने हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, पण काजळी निघेना तेव्हा तशीच निघाली. दोन पावलं गेल्यावर न वळता म्हणाली, "जाळ बघा." ती बगळी होती त्या घरात गेली नाही. पोरींच्या खोलीकडे गेली आणि दार लोटून घेतलं.

थोरलीने लाकूड उचललं. खोलीतून आधी धाकटीचं हळू बोलणं ऐकू आलं, शब्द कळत नव्हते. मग मुंगीचा तो घोगरा आवाज फुटला. दिवसभरात डोळ्यांतून टिपूस न काढलेली पोर काकूच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडत होती. थोरलीने जाळ पाहिला, तो खाली बसत चालला होता. तिने एक लाकूड आत सारलं आणि दुसरं हातात घेतलं.